कोनेल्यानोचे कार्पेने

व्हेनिसच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी कोनेल्यानो नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या एका रसायनशास्त्रज्ञाने आपल्या मुलाचं नाव एतिले ठेवलं. इथिल अल्कोहोलमधलं इथिल, तेच हे. मुलांना साधुसंतांची नावं ठेवणाऱ्या त्या कॅथलिक मुलखात असलं नाव निवडायला रसायनशास्त्रावर किती जीव असावा लागतो! आन्तोनिओ कार्पेने यांचा तो होता. प्रोसेक्को ही इटालियन फेसाळ पांढरी वाईन आज दरसाल साठ कोटींहून अधिक बाटल्यांत भरली जाते, शॅम्पेनच्या दुपटीच्या आसपास. तिचा माग काढत मागे गेलं की वाट शेवटी या माणसाच्या प्रयोगशाळेत आणि त्याच्या घराण्यात पोचते.

कार्पेने यांचा जन्म 1838 चा. त्यांच्या तरुणपणी कोनेल्यानोभोवतीचा व्हेनेतो हा सगळा प्रदेश ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. 1866 च्या युद्धानंतर तो नव्या इटलीच्या राज्यात आला. झेंडा बदलला, पण गावातली गरिबी तशीच राहिली. जमीन मोठ्या मालकांची, कसणारी कुळं अर्धेलीची. रोजच्या ताटात मक्याची पोलेंता, आणि नुसत्या मक्यावर जगल्यामुळे होणारा पेलाग्रा हा रोग घरोघरी. पुढच्या काही दशकांत याच भागातून हजारो कुटुंबं जहाजात बसून ब्राझीलला निघून गेली. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, कारण जाताना त्यांनी द्राक्षांची विद्याही सोबत नेली होती.

अशा काळात, 1868 मध्ये, कार्पेने यांनी आन्जेलो माल्वोल्ती आणि आणखी काही जणांच्या साथीने, कोनेल्यानो ज्यात येतं त्या त्रेव्हिझो प्रांताची वाईन कंपनी काढली. तीच पुढे कार्पेने माल्वोल्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. आजच्या भाषेत हा स्टार्टअपच. फरक इतकाच की माल विकायचा होताच, पण त्याआधी माल का बिघडतो हे समजून घ्यायचं होतं.

माल बिघडत होता, आणि त्याचं कारण त्या टेकड्यांच्या हवेतच होतं. कोनेल्यानो आणि तिथून पश्चिमेला वाल्दोब्बियादेने यांच्या दरम्यान टेकड्यांच्या रांगा एकामागे एक लागून आहेत. तिथलं मुख्य द्राक्ष तेव्हा प्रोसेक्को याच नावाने ओळखलं जाई. वेल दांडगा, पण द्राक्ष उशिरा पिकणारं. तोडणी होऊन रस पिंपात पडेपर्यंत शरद संपत आलेला असे. थंडी पडली की यीस्ट गारठून झोपी जाई आणि आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबे. रसात थोडी साखर तशीच राही. शेतकरी हिवाळ्याअखेर ती वाईन बाटल्यांत भरत. वसंतात तळघर ऊबदार झालं की यीस्ट जागं होई, उरलेली साखर खाऊ लागे आणि बाटलीतल्या बाटलीत वायू तयार होई. तळाशी गाळ, वर हलका फेस. तिथले लोक हीच वाईन पीत आले होते, आणि कोल फोंदो म्हणजे गाळासकट, या नावाने ती आजही काही घरांत बनते.

यात मोठी अडचण होती. किती साखर उरली आहे हे कुणालाच माहीत नसे. एका बाटलीत फेसच नाही, दुसरी आंबून व्हिनेगर झालेली, तिसरी दाब न सोसल्याने फुटलेली. गावाच्या वेशीबाहेर असला माल विकायचा कसा? फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी नुकतंच दाखवून दिलं होतं की आंबणं ही सूक्ष्मजीवांची करणी आहे. वाईनच्या रोगांवरचं त्यांचं पुस्तक 1866 चं, म्हणजे व्हेनेतो इटलीत आला त्याच वर्षाचं. कार्पेने यांनी हा धागा पकडला. साखर मोजायची, आम्लता मोजायची, तापमानाची नोंद ठेवायची, भांडी आणि पिंपं स्वच्छ ठेवायची. आज हे सगळं साधं वाटतं. पण ज्या तळघरात जिभेवर आणि बापजाद्यांच्या अंदाजावर काम चाले, तिथे तापमापक आणि तराजू घेऊन उतरणं म्हणजे क्रांतीच होती.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते यापुढे. कळलेलं गुपित तिजोरीत ठेवून त्यावर पिढ्यान् पिढ्या पैसा करता आला असता. त्यांनी ते छापून टाकलं. 1874 मध्ये त्यांनी आन्जेलो व्हियानेल्लो यांच्यासह त्रेव्हिझो प्रांतातल्या वेलींवर आणि वाईनवर पुस्तक प्रसिद्ध केलं. आणि 1876 मध्ये, जोव्हान्नी बात्तिस्ता चेर्लेत्ती यांच्या सोबतीने, कोनेल्यानोत शाळा उभी राहिली. द्राक्षशेती आणि वाईनशास्त्र शिकवणारी इटलीतली ती पहिली शाळा. चेर्लेत्ती तिचे पहिले संचालक, आणि शाळेला आज नाव आहे ते त्यांचंच. ज्या गावात आपली कंपनी, त्याच गावात आपल्या भावी स्पर्धकांना शिकवून तयार करणारी शाळा. व्यापाऱ्याच्या हिशेबात हे बसत नाही. कार्पेने यांचा हिशेब वेगळा होता: एकट्या कंपनीने चांगला माल काढून उपयोग नाही, अख्ख्या टेकड्यांचा माल सुधारला तरच बाहेरचा ग्राहक या मुलखाचं नाव लक्षात ठेवील.

शाळा उभी राहिली ती वेळही नेमकी होती. शतकाच्या मध्यावर भुरीने युरोपातले मळे पोखरले होते. मग अमेरिकेतून फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली. इटलीत ती पहिल्यांदा आढळली 1879 मध्ये. तिच्या पाठोपाठ केवडा. आपल्याकडच्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला भुरी आणि केवडा ही नावं ऐकूनच धडकी भरते; मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण त्याच काळात फ्रान्समध्ये निघालं. जुन्या वेली उपटून अमेरिकन खुंटावर कलमं बांधायची, कुठल्या मातीत कुठला खुंट चालेल ते ठरवायचं, फवारणीचं वेळापत्रक आखायचं, ही कामं अनुभवाच्या जोरावर होणारी नव्हती. त्यासाठी शिकलेली माणसं लागत होती, आणि ती आता गावातच तयार होत होती.

फेसाचा प्रश्न अजून सुटायचा होता. शॅम्पेनची रीत प्रत्येक बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची. बाटल्या महिनोन् महिने पडून राहायच्या, मग एकेक हाताने फिरवून गाळ बुचापाशी आणायचा आणि काढून टाकायचा. खर्चिक काम, आणि शिवाय या द्राक्षाला ते मानवत नाही. दीर्घकाळ गाळावर ठेवलेल्या वाईनला पावाचा, भाजक्या कणकेचा वास चढतो. कोनेल्यानोच्या द्राक्षाचा जीव मात्र त्याच्या ताज्या वासात: हिरवं सफरचंद, नासपती, पांढरी फुलं. हा वास नाजूक आणि अल्पायुषी. तो टिकवायचा तर घाई करावी लागते.

वाट सापडली ती पश्चिमेला, आस्तीमध्ये. तिथल्या वाईन संशोधन केंद्राचे संचालक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 मध्ये बाटलीऐवजी बंद मोठ्या पिंपात दुसरी आंबवण करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. 1907 च्या सुमारास फ्रान्सच्या यूजीन शार्मा यांनी दाब सोसणाऱ्या टाक्या वापरून ती कारखान्यात चालेल अशी केली. या द्राक्षाची फेसाळ वाईन पद्धतशीरपणे करणारे पहिले म्हणून आन्तोनिओ कार्पेने यांचं नाव घेतलं जातं. 1902 मध्ये ते वारले. टाकीची रीत या द्राक्षाच्या स्वभावाला जुळवून घेण्याचं काम पुढे त्यांच्या घराण्याने आणि शाळेतून बाहेर पडलेल्यांनी तडीस नेलं.

आज वाल्दोब्बियादेनेच्या कुठल्याही वाईनरीत गेलं तर या टाक्या दिसतात. स्टीलच्या, उंच, बाहेरून थंड द्रव खेळवणारं कवच असलेल्या. तिथे त्यांना आऊतोक्लावे म्हणतात. आत साधी पांढरी वाईन भरतात, मापून साखर आणि यीस्ट घालतात आणि झाकण बंद करतात. लिटरमागे साधारण चार ग्रॅम साखर आंबली की एक बार दाब चढतो, म्हणून पाचेक बार हवे असतील तर लिटरला वीस ग्रॅमच्या आसपास साखर. वायूला बाहेर पडायला जागा नसल्यामुळे तो वाईनमध्येच मुरतो. हे निदान महिनाभर चालतं. हवा तेवढा दाब आणि हवी तेवढी गोडी आली की टाकी एकदम थंड करायची. यीस्ट थांबतं, वाईन गाळून, दाब न सोडता बाटलीत जाते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या लहरीवर जे व्हायचं तेच आता दाबमापकाच्या काट्यावर होतं. ग्राहकाला बाटलीवर ब्रूत, एक्स्ट्रा ड्राय, ड्राय असे शब्द दिसतात. लिटरला बारा ग्रॅमपर्यंत साखर असली की ब्रूत, बारा ते सतरा असली की एक्स्ट्रा ड्राय, आणि सतरा ते बत्तीस असली की ड्राय. म्हणजे ड्राय लिहिलेली बाटली तिघींत सर्वांत गोड, हे नवख्याने लक्षात ठेवावं.

एतिले कार्पेने यांनी वडिलांचं काम हाती घेतलं, आणि त्यांच्याच काळात सगळं उद्ध्वस्त होण्याची वेळ आली. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1917 मध्ये, कापोरेत्तोच्या लढाईत इटालियन फौज मोडली. माघार घेत घेत ती प्यावे नदीपलीकडे जाऊन थांबली, आणि नदीच्या अलीकडचा, डाव्या तीराचा मुलूख ऑस्ट्रियन आणि जर्मन सैन्याच्या हाती पडला. कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने दोन्ही डाव्या तीरावर. वाल्दोब्बियादेने तर थेट आघाडीवर. समोर नदी, बाजूला मोंते ग्राप्पा, आणि दोन्हीकडून तोफा. लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं. सैन्याने धान्य नेलं, गुरं नेली, तळघरं रिकामी केली. मागे राहिलेल्यांसाठी ते वर्ष उपासमारीचं वर्ष म्हणूनच स्मरणात राहिलं. ऑक्टोबर 1918 च्या अखेरीस इटालियन फौजेने नदी ओलांडली, जवळच्याच व्हित्तोरिओच्या नावाने ओळखली जाणारी लढाई जिंकली आणि नोव्हेंबरच्या आरंभी युद्ध संपलं. लोक परतले तेव्हा गावं ढिगाऱ्यात होती आणि मळ्यांत खंदक खणलेले होते.

द्राक्षाचा मळा नव्याने लावला की भरघोस पीक यायला तीन-चार वर्षं जातात. त्यामुळे पुढची तारीख मला फार बोलकी वाटते. 1924 मध्ये, म्हणजे युद्ध संपून जेमतेम सहा वर्षांत, एतिले कार्पेने यांनी आपल्या बाटलीवर पहिल्यांदा प्रोसेक्को हे नाव छापलं: कोनेल्यानोच्या टेकड्यांची, गोडसर प्रोसेक्को. तोवर इटलीतल्या फेसाळ वाईन फ्रेंच वाईनच्या सावलीत विकल्या जात. या लेबलवर द्राक्षाचं नाव होतं आणि गावाचं होतं. कुणाच्या तुलनेची उसनवारी नव्हती.

पुढची तीसेक वर्षं झरझर ओलांडली तरी चालतील. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा टेकड्यांवरची माणसं पुन्हा बाहेर पडत होती, या वेळी बेल्जियमच्या खाणींत आणि मिलान-तुरीनच्या कारखान्यांत. 1946 मध्ये जुल्यानो बोर्तोलोमिओल, उंबेर्तो बोर्तोलोत्ती, इझिदोरो मानी आणि मारिओ रोस्सी या चौघांनी वाल्दोब्बियादेनेत एक मंडळ स्थापन केलं. एकमेकांची वाईन चाखायची, दोष तोंडावर सांगायचे, सुधारायचे. बोर्तोलोमिओल हे कोनेल्यानोच्या शाळेत शिकलेले. 1949 मध्ये त्यांनी घरची वाईनरी नव्याने उभी केली, आणि ज्या काळी प्रोसेक्को म्हणजे गोडसर असंच समीकरण होतं त्या काळी, 1960 मध्ये, कमी साखरेचा ब्रूत काढला. कार्पेने यांच्या शाळेने त्यांच्याच घराण्याला असे तोलामोलाचे शेजारी दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1962 मध्ये अकरा उत्पादकांनी एकत्र येऊन आपला संघ काढला, 1966 मध्ये दोन गावांना जोडणारा वाईनचा रस्ता आखला गेला, आणि 1969 मध्ये या टेकड्यांच्या वाईनला उगमस्थानाचं सरकारी नामांकन मिळालं. व्हेनिसमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को एकत्र करून बेल्लिनी हे पेय कधीच लोकप्रिय केलं होतं. पुढे प्रोसेक्को घातलेल्या, केशरी रंगाच्या स्प्रित्स या पेयाची लाट आली आणि मागणी आकाशाला भिडली.

इथे जुनी अडचण नव्या रूपात उभी राहिली. प्रोसेक्को हे द्राक्षाचं नाव. युरोपच्या कायद्यात गावाचं नाव राखून ठेवता येतं, द्राक्षाचं येत नाही. टेकड्यांचं नामांकन टेकड्यांपुरतंच होतं. ते द्राक्ष लावून कुणीही, कुठेही प्रोसेक्को विकू शकत होतं. 2006 मध्ये एका कंपनीने ती डब्यात भरून पॅरिस हिल्टनच्या जाहिरातीसह बाजारात आणली, तेव्हा त्रेव्हिझोत संताप उसळला. आणि दूर देशी गेलेल्यांचं काय? व्हेनेतोतून ब्राझीलच्या दक्षिणेत गेलेल्यांच्या वंशजांनी तिथल्या गॅरिबाल्डी गावात फेसाळ वाईनचा मोठा धंदा उभा केला होता. ऑस्ट्रेलियाच्या किंग व्हॅलीत वाल्दोब्बियादेनेहून गेलेल्या ओत्तो दाल झोत्तो यांनी 1999 मध्ये प्रोसेक्कोच्या वेली लावल्या. आजोबांच्या मुलखातली वेल लावायची आणि तिला नाव मात्र परकं द्यायचं, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं.

2009 मध्ये इटलीने तोडगा काढला. तेव्हाचे कृषिमंत्री लुका झाइया. जन्म कोनेल्यानोचा, शिक्षण त्याच शाळेतलं. त्रिएस्तेजवळ प्रोसेक्को नावाचं छोटंसं गाव आहे. त्या गावापर्यंत जाईल अशी हद्द आखण्यात आली: व्हेनेतो आणि फ्रिउलीचे मिळून नऊ प्रांत. प्रोसेक्को हे आता या मुलखाचं नाव ठरलं, आणि द्राक्षाला ग्लेरा हे जुनं, त्रिएस्तेकडचं नाव देण्यात आलं. कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांना त्याहून वरचा दर्जा मिळाला. ऑस्ट्रेलियाने हे मान्य केलं नाही. 2013 मध्ये तिथे युरोपचा अर्ज फेटाळला गेला आणि किंग व्हॅलीत प्रोसेक्को त्याच नावाने बनत राहिली.

माझं मत विचाराल तर या तोडग्याने नाव वाचलं, पण टेकड्यांना त्याची किंमत मोजावी लागली. नऊ प्रांतांत बहुतेक जमीन सपाट. यंत्राने छाटणी, यंत्राने तोडणी, हेक्टरी अठरा टनांपर्यंत द्राक्ष. टेकड्यांवर मर्यादा साडेतेरा टनांची, आणि काम हातांचं. ग्लेराच्या काडीवर बुंध्याकडचे डोळे फळत नाहीत. म्हणून छाटताना लांब काड्या राखायच्या आणि त्या कमानीसारख्या वाकवून तारेला बांधायच्या. जुनी माणसं यासाठी विलोच्या ओल्या फोका वापरतात. तीव्र उतारावर पाय रोवून, हातात कात्री, कमरेला फोकांची जुडी, असं थंडीभर चालतं. दगडी बांध इथे नाहीत. मातीचे अरुंद टप्पे गवताच्या मुळांनी धरून ठेवलेले असतात. ते गवतही हातानेच कापावं लागतं. हेक्टरमागे सपाटीच्या कितीतरी पट तास लागतात. याच टेकड्यांतला कार्तित्झे हा 107 हेक्टरांचा डोंगरउतार तर एवढा मोलाचा की तिथल्या हेक्टरचा भाव दहा लाख युरोंच्या पुढे गेला आहे, आणि तो शंभराहून अधिक मालकांत तुकड्यातुकड्यांनी वाटलेला आहे.

भरभराटीने दुसरंही दुखणं आणलं. मळे घरांच्या भिंतींना, शाळांच्या कुंपणांना येऊन भिडले आणि फवारणीविरुद्ध गावकरीच रस्त्यावर उतरले. उत्पादक संघाने 2019 पासून टेकड्यांवर ग्लायफोसेट हे तणनाशक बंद केलं. युनेस्कोने 2018 मध्ये या टेकड्यांचा जागतिक वारशाचा प्रस्ताव परत पाठवला होता. जुलै 2019 मध्ये बाकूच्या बैठकीत तो मंजूर झाला. यादीत नोंद झाली ती प्रामुख्याने त्या गवताच्या टप्प्यांची आणि त्यांवर उभ्या असलेल्या लहान लहान तुकड्यांच्या शेतीची, म्हणजे माणसांच्या श्रमांची. ती योग्यच होती.

आता टेकड्यांवरचे काही उत्पादक लेबलवर प्रोसेक्को हा शब्दच छापत नाहीत. नियमात ती मुभा आहे. ते फक्त वाल्दोब्बियादेने लिहितात, किंवा रिव्हे, म्हणजे उतार, हा शब्द आणि त्यापुढे ज्या गावाच्या उतारावर द्राक्ष पिकलं त्या गावाचं नाव. कोट्यवधी बाटल्यांच्या गर्दीत आपला उतार वेगळा ओळखू यावा, ही त्यांची धडपड आहे. एतिले कार्पेने यांनी जे नाव कमावलं ते सोडायचं, की त्यातच राहून लढायचं, यावर तिथल्या घराघरांत दोन तट आहेत. वाद घालणाऱ्यांतले कित्येक जण कोनेल्यानोच्या शाळेत एकाच बाकावर बसलेले आहेत.